माझ्या फाटकाशी कोण बसलंय

९ ऑक्टोबर. हवा: लख्ख ऊन.

आज आमच्या कोरियन अक्षरांचा सण, सगळीकडे सुट्टी. मुहूर्त बरा म्हणून आजपासून रोजनिशी. म्हाताऱ्यांच्या लिहा-वाचायच्या वर्गातल्या बाईंनी सांगितलंय, आधी तारीख, मग हवा, मग खरं घडलं तेवढंच. बाई माझ्या नातीच्या वयाची आणि मला म्हणते, आजी, अक्षर ओळीवर बसवा. अक्षर कसलं बसतंय, माझे गुडघेच बसत नाहीत.

ते राहू दे. मुलगा मान-हो आणि सूनबाई देगूहून आले. पोरगं गाडीतून एक पाय बाहेर टाकतंय तोवर तोच विषय. आई, थंडीच्या आत आमच्याकडे चल, तेराव्या मजल्यावर ऊन छान येतं. मी म्हटलं, माझ्या अंगणात काय चंद्र उगवतो? म्हणाला, ऑपरेशन झालेला गुडघा, उद्या बांधावर पडलीस तर कोण बघेल? म्हटलं, शेजारी बोंगह्वावाली आहे. म्हणाला, ती तुझ्याहून म्हातारी. हे तिला सांगायलाच हवं.

शेवटी पैज लागली. नोव्हेंबरात थंडीपुरती कोबीची किमची घालायला सगळे इथे जमतात, तोवर मी एकटीने नीट राहून दाखवायचं. पडायचं नाही, घाबरायचं नाही, कुणाला मदतीला बोलवायचं नाही. जमलं तर हा विषय जन्मात परत नाही. काही वेडंवाकडं झालं तर निमूट देगूला. मी म्हटलं, चालेल. माझी पाठ अजून पोरीसारखी ताठ आहे आणि घाबरणं मला माहीत नाही.

१० ऑक्टोबर. हवा: ऊन, वारा पडलेला.

काय सांगू! आज मी माहेरी जाऊन आले.

नातीने नवा कॉम्प्युटर घेतला, जुना सूनबाईने मला आणलाय. मी परत मिरच्यांच्या शेतात जाऊन बसेन अशी तिला धास्ती. म्हणाली, आई, हिंडायचं तर यात हिंडा, देशातले सगळे रस्ते यात आहेत. चित्रंच, पण गोल. आपण चित्राच्या मधोमध उभं. माऊस धरून ओढला की जग फिरतं, रस्त्यावरच्या बाणावर टिचकी मारली की आपण टुणकन पुढे, चाक फिरवलं की लांबचं जवळ. हे कसं केलंय तेही ती सांगत होती. गाडीच्या टपावर कॅमेरा, लोकांच्या चेहऱ्यांचं काहीतरी. पण मी तेव्हा वाळवायची पर्सिमनची फळं सोलत होते, आणि साल न तुटता काढायची तर कान बंद ठेवावे लागतात. अर्धं कळलं. अर्धं पुष्कळ झालं.

ती गेल्यावर मी थेट योंगदोकला. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून सगळे मला योंगदोकवालीच म्हणतात, स्वतःचं नाव मला मुद्दाम आठवावं लागतं. तर तेच योंगदोक! बंदर, होड्या, आमच्या गल्लीच्या टोकाचा बर्फाचा कारखाना. चिटपाखरू नव्हतं, पहाट असावी. भावाच्या दारापर्यंत गेले. खेकड्यांचा वास तेवढा आला नाही. गुडघा एकदाही दुखला नाही. सहा वेळा भावाच्या दारावरून गेले, दार उघडलं नाही, पण तो पहिल्यापासून तसाच.

आता पैज काय, मीच जिंकणार. बाहेर पडायची गरजच नाही, मग पडेन कशी?

१३ ऑक्टोबर. हवा: ढगाळ.

आज घाटातल्या रस्त्याने वर गेले. पानं अशी लाल की बघत राहावं. एक बाण पुढे गेले तर सगळी हिरवी. परत मागे, लाल. पुढे, हिरवी. ऋतू असा उडी मारतो हे मला आवडलं नाही.

मग सहज खाली पाहिलं. पाय नाहीत.

रस्ता आहे. रस्त्यावर एक गोल पुसट डाग आहे. त्या डागावर मी उभी असायला हवी. पण माझे पाय नाहीत. लहानपणी आजी सांगायची, समोर आलेलं माणूस आहे की भूत ते बघायचं तर आधी पाय बघ, भुताला पाय नसतात. मी टेबलाखाली वाकून पाहिलं. होते, मोज्यांसकट. स्क्रीनमध्ये पाहिलं. नव्हते. असं बराच वेळ चाललं होतं.

घाबरले नाही. मान अवघडली म्हणून दुपारीच पडून राहिले.

ठरवलं: यापुढे खाली बघायचं नाही.

१७ ऑक्टोबर. हवा: बाहेर काय होती कोण जाणे.

देगूला निघाले होते. म्हटलं तेरावा मजला किती उंच असतो ते खालूनच बघून यावं. वाटेत बोगदा लागला.

आत गेले आणि मागे वळायचं म्हणून माऊस ओढला, तर कुठलं मागे आणि कुठलं पुढे तेच कळेना. दोन्हीकडे सारखेच पिवळे दिवे. बाण मारावा तर बोगदा. उलटा मारावा तर बोगदा. जेवायची वेळ झाली. कॉम्प्युटर बंद करावा तर मी आतच राहायची. शेवटी तो चालूच ठेवला आणि त्याच्यासमोर बसून भात आणि मुळ्याचं सार खाल्लं. आत उपाशी राहायला नको.

मग सूनबाईला फोन केला, सहज चौकशी करते असं दाखवून. बोगद्यात अडकलेल्या माणसाने काय करावं गं? ती किंचाळलीच, आई, कुठे आहात तुम्ही? म्हटलं, घरी. मग म्हणाली, वर कोपऱ्यात फुली आहे ना, ती दाबा. दाबली. घरी आले.

मान-होला सांगू नकोस म्हटलंय. म्हणाली, यात सांगण्यासारखं काय आहे आई? शहाणी मुलगी आहे. तिची किमची मात्र खारट होते.

ठरवलं: लांब जायचं नाही. या जगाला बाहेर पडायचं दार कोपऱ्यात लपवून ठेवलेलं असतं. उद्यापासून आपलं गाव बरं. आपल्या गावात कसली भीती?

१८ ऑक्टोबर. हवा: कडक ऊन. मला थंडी.

थंडी वाजतेय म्हणून अक्षर असं.

गावात शिरले, सभागृहावरून, बोंगह्वावालीच्या कोबीवरून. तिच्या कोबीला कीड लागलीय, ती मला बोलली नव्हती. मग आमचा कोपरा, आमची निळं फाटक. नाही, आमचं निळं फाटक. बघा, साधं लिहितानाही चुकतेय.

फाटकाशी कुणीतरी बसलंय.

जमिनीवर उकिडवं, समोर ताडपत्रीवर लाल मिरच्या. अंगात जांभळं फुलाफुलांचं जाकीट. म्हटलं कोण गं तू, म्हणून चाक फिरवून जवळ गेले. तर तोंड नाही.

तोंड नाही म्हणजे नाही. डोळे नाहीत, नाक नाही, ओठ नाहीत. सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखं गुळगुळीत. आजी याचीच गोष्ट सांगायची आणि आम्ही पांघरुणात शिरायचो. अंडंभूत. ज्याच्या दारात ते बसतं त्याला घेऊन जातं.

फुली दाबली. एकदा दाबून पुरतं, मी पुष्कळदा दाबली.

१९ ऑक्टोबर. हवा: ऊन.

खिडकीतून पाहिलं, फाटकाशी कुणी नाही. स्क्रीनमध्ये पाहिलं, बसलंय. परत खिडकी, नाही. परत स्क्रीन, आहे. जागचं हललंसुद्धा नाही. म्हणजे ते डोळ्यांना दिसत नाही, फक्त कॉम्प्युटरला दिसतं. नुसत्या डोळ्यांनी इतकी वर्षं मी त्याच्या शेजारून ये-जा करत होते की काय?

जाकिटाचं मी डोकं लावलं. जांभळं जाकीट माझ्याकडेही आहे. पण ते आमच्याकडे सगळ्याच बायकांकडे आहे, बाजाराच्या दिवशी एकाच टेम्पोतून घेतलेलं. केसही सगळ्यांचे एकाच पार्लरचे कुरळे. मागून हाक मारली तर आठ जणी वळतात. तेव्हा भुताने आमच्यात मिसळायला नेमका वेश घेतलाय. हुशार आहे.

मान-होला कळलं तर संपलंच. घाबरायचं नाही हे पैजेत आहे. मी घाबरलेली नाही, पण त्याला तसं वाटू शकतं.

२१ ऑक्टोबर. हवा: ऊन, मध्येच झुळूक.

आज घराची थोडी आवराआवर केली. फाटकावर काटेरी फांदी बांधली, चिमण्या बसू नयेत म्हणून. उंबऱ्यावर मीठ टाकलं, मुंग्यांसाठी. दवण्यासारखा आमचा रानपाला असतो त्याचा धूर केला, डासांसाठी. तांबड्या चवळीची पेज खावीशी वाटली म्हणून केली आणि जरा उरली म्हणून फाटकाला फासली.

याला भूत पळतं म्हणतात. तो वेगळा विषय.

स्क्रीनमध्ये पाहिलं. पेज नाही, फांदी नाही, धूर नाही. ते मात्र बसलेलं. माझं केलेलं त्याने सगळं गिळलं!

२५ ऑक्टोबर. हवा: गार.

बोंगह्वावाली आली. फाटकाकडे बघत म्हणाली, काय गं योंगदोकवाले, हिवाळ्यातला पेजेचा दिवस अजून दोन महिन्यांवर, आणि तू आत्ताच दाराला जेवू घालतेस? म्हटलं, रंग उडाला होता. म्हणाली, आणि धूर? म्हटलं, डास. म्हणाली, या थंडीत डास? त्यांनीही जाकिटं घेतली वाटतं टेम्पोतून.

मी आडून विचारलं, तू कधी माझ्या फाटकाशी येऊन बसतेस का गं? म्हणाली, कशाला, तुझं तोंड बघायला? ते मला आतूनही दिसतं. तोंड हा शब्द ऐकून माझ्या हातातला पेला सांडला. म्हणाली, तुला झालंय काय? म्हटलं, गुडघा.

जाताना म्हणाली, माझे लाल मोजे दे परत, मागच्या वर्षी घेऊन गेलीस. मी कुणाचे मोजे नेत नाही. तिचं डोकं चालत नाही हल्ली, वयच झालं.

३ नोव्हेंबर. हवा: दव पडलं.

फाटकातून जायचं बंद केलंय. भीती म्हणून नाही, त्या फाटकाचं बिजागर कुरकुरतं. लोणच्याच्या रांजणांच्या ओट्यावर चढलं की मागची भिंत बुटकीच आहे. दुकानात गेले आणि तशीच परत आले. गुडघा थोडा बोलला.

दुपारी लाऊडस्पीकरवर गावप्रमुख. आ, आ, आवाज येतोय ना? मंडळी, योंगदोकच्या आजींच्या मागच्या भिंतीवरून कुणीतरी आत उतरताना दिसलंय. जांभळं काहीतरी घातलेलं. दारं लावून घ्या, लसणावर लक्ष ठेवा.

म्हणजे आता चोरही! पुढे भूत आणि मागे चोर! आणि ज्या वेळेला तो उतरला म्हणतात त्याच वेळेला मी तिथे होते, मला कसा दिसला नाही? खाली बघायचं नाही हा नियम मी तिथेही पाळत होते, त्यामुळे असेल.

सगळ्या कड्या लावून बसलेय. मान-होचा फोन आला, गावप्रमुखाने त्याला कळवलं होतं. आई, घाबरलीस का? म्हटलं, छे, टीव्ही बघतेय. टीव्ही बंद होता. आवाज कमी आहे म्हटलं.

१२ नोव्हेंबर. हवा: गोठवणारी.

आज मन घट्ट करून भुताकडे नीट पाहिलं. हळूहळू चाक फिरवत, एक डोळा मिटून.

आणि खरं सांगू का? भूत म्हातारं आहे हो. नव्वदीचं तरी असेल. पाठ म्हणजे नदीवरचा पूल. एक पाय दुमडलेला, दुसरा बाजूला काठीसारखा टाकलेला, दुमडत नसणार. एक हात जमिनीला टेकलेला, बहुतेक उठायचा प्रयत्न करतंय आणि उठवत नाहीये. मी रोज बघते, म्हणजे इतके दिवस ते उठायचाच प्रयत्न करतंय. मिरच्याही निवडून होत नाहीत त्या बिचारीच्या.

हिची पोरं कुठे आहेत? असली कसली पोरं? इतकी वाकलेली बाई आणि रस्त्याकडेला एकटी?

भीती आहेच, म्हणजे नाहीच, पण रागही आला. दुपारी फाटकाशी जाऊन गरम पाण्याचा पेला ठेवला. लांबूनच, काठीने ढकलून. आणि पळाले. म्हणजे भरभर चालले.

२२ नोव्हेंबर. हवा: कोरडी, किमचीला उत्तम.

सगळं लिहिते. बाई म्हणाल्यात खरं तेच.

मान-हो, सूनबाई, नात, आणि बोंगह्वावाली, अंगणात सगळे बसलो. कोबी रात्री मुरवलेला होता. पैज मी जिंकल्यातच जमा. मान-हो तर स्वतःहून म्हणाला, आई, मानलं तुला. इथेच मी गप्प राहायला हवं होतं.

पण सूनबाईने विचारलं, आई, फाटकाला हे काय फासलंय? मी रंगाचं सांगणार तेवढ्यात बोंगह्वावाली म्हणाली, रंग कसला, चवळी आहे, तुझी सासू महिनाभर भिंतीवरून उड्या मारतेय, गावात चोर म्हणून नाव काढलंय. मान-होच्या हातातला कोबी तसाच राहिला. भिंतीवरून? त्या गुडघ्याने?

मला वाटलं, आता युक्तीने बोलावं. म्हटलं, माझं सोडा, मी धडधाकट आहे. ज्यांचं बघायला हवं त्यांचं कुणी बघत नाही. या, दाखवते. सगळ्यांना आत नेलं. मसाल्याने लाल झालेले हातमोजे घालून सगळे कॉम्प्युटरपुढे उभे, मी माऊस ओढत ओढत त्यांना गावातून फाटकापर्यंत आणलं. म्हटलं, बघा. भूत असो की बाई असो. वय बघा. पाठ बघा. हिला उठता येत नाहीये. ही एकटी राहायच्या लायकीची आहे का? हिला असं टाकणाऱ्या पोरांना लाज वाटायला हवी. माझी असती तर मी आजच्या आज उचलून घरी नेलं असतं!

इतकं छान मी कधी बोलले नव्हते.

मग नात हळूच म्हणाली, आजी, ते मशीन सगळ्यांचेच चेहरे पुसतं. ओळख पटू नये म्हणून. हे चित्र मागच्या वर्षीचं आहे.

सूनबाई म्हणाली, मी सांगितलं होतं आई.

बोंगह्वावाली स्क्रीनला नाक लावून बघत होती. एकदम ओरडली, हे बघ! हे बघ माझे लाल मोजे! तुझ्याच पायात! आणि मला म्हणते मी कुणाचे मोजे नेत नाही!

मी पायांकडे पाहिलं. त्या भुताला पाय होते.

बोंगह्वावाली हसत होती, मग तिचं तिलाच कळलं आणि थांबली. मान-हो हसला नाही. हातमोजे काढत होता, एकेक बोट सोडवत. म्हणाला, आई, तूच म्हणालीस.

म्हटलं, मी तिच्याबद्दल बोलत होते.

म्हणाला, हो.

२४ नोव्हेंबर. हवा: पाहिली नाही.

घरातला आरसा लहान आहे. त्यात फक्त तोंड मावतं. तोंड मला पाठ आहे. बाकीची मी कशी दिसते हे मला कुणी कधी दाखवलंच नव्हतं.

मोजे कपाटात सापडले. बोंगह्वावालीला द्यायला गेले. फाटकातून गेले. ती म्हणाली, राहू देत, देगूला जमीन गार असते.

२२ डिसेंबर. हवा: तेराव्या मजल्यावरून नीट कळत नाही. ऊन छान येतं.

थंडी संपेपर्यंतच आलेय. मान-होलाही तसं सांगितलंय, तो हो म्हणाला. तो हल्ली सगळ्यालाच हो म्हणतो.

इथे खाली बघायची मला सवय नाही. गॅलरीत गेले की पायाखाली काही नसल्यासारखं वाटतं. घाबरत नाही, गॅलरीतच जात नाही.

रोज दुपारी कॉम्प्युटर लावते. बोगदा टाळून दुसऱ्या रस्त्याने जाते, आता वाट पाठ झालीय. सभागृह, कोबी, कोपरा, निळं फाटक. ती बसलेली असते. मिरच्या लाल, ऊन तेच. फाटक अर्धवट उघडं आहे, आतला एक रांजण दिसतो. आत जायचा बाण नाही. बाण फक्त रस्त्यावर असतात. पहिले काही दिवस मी फाटकावरच टिचक्या मारत बसायची, आता नाही मारत.

आज पेजेचा दिवस. सूनबाईने तांबड्या चवळीची पेज केली, बरी झाली होती, मीठ जास्त. भुतंखेतं येऊ नयेत म्हणून घरात चार कोपऱ्यांत ठेवायची पद्धत. ती एक वाटी या कॉम्प्युटरच्या टेबलावरही ठेवायला आली. मी हात धरला. म्हटलं, इथे नको, तिकडे स्वयंपाकघरात ठेव, लांब. ती म्हणाली, का हो आई?

काय सांगणार? फाटकाशी बसलेली ही घाबरून उठून गेली, तर मग माझ्या घराजवळ कोण राहील?